जमीन, हात आणि तोंड

चहाच्या मळ्याला तीन गोष्टी लागतात: झुडपे लावायला जमीन, पाने खुडायला हात आणि तयार झालेला चहा पिणारी तोंडे. ब्रिटिश साम्राज्याने हिंदुस्थानात या तिन्ही गोष्टी जमवल्या, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. जमीन नियम करून घेतली, हात करारात बांधून आणले आणि तोंडांसाठी जाहिरात केली. पहिल्या दोन कामांना पोलीस आणि न्यायाधीश दिमतीला होते. तिसऱ्या कामात त्यांचा उपयोग नव्हता, कारण कोणाच्या घशाखाली चहा हुकूम काढून उतरवता येत नाही. म्हणूनच तिसऱ्या टप्प्यावर मळेवाल्यांना गिऱ्हाईक मिळाले खरे, पण त्यांनी शिकवला तसा चहा त्या गिऱ्हाइकाने कधी केला नाही. हातांना मात्र अशी मोकळीक मिळाली नाही. या दोन गोष्टींमधले अंतर हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठीत चहावर काही कमी लिहिले गेलेले नाही. इराण्याच्या हॉटेलातले संगमरवरी टेबल, पुण्यातल्या अमृततुल्याचे पितळी पातेले आणि आले कुटणारा खलबत्ता, मुंबईची कटिंग, मुलगी पाहायला आलेल्यांसमोर ठेवलेले चहा-पोहे. हे सगळे लेखन वाचनीय आहे, पण त्यातला चहा थेट पातेल्यातच जन्माला येतो. त्याआधी ती पत्ती कोणी खुडली, कोणाच्या रानात वाढली, ती आपल्या फळीवरच्या डब्यापर्यंत यावी म्हणून कोणी किती खटाटोप केला, याचा मागमूस त्यात फारसा लागत नाही. ही प्रस्तावना त्या मागच्या वाटेने जाते.

सुरुवात करताना एक गैरसमज दूर ठेवायला हवा. इंग्रजांनी हिंदुस्थानला चहा दाखवला, हे पूर्णपणे खरे नाही. १६३८ मध्ये सुरतेत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथे चहा नित्य घेतला जात असल्याचे लिहिले आहे. पन्नास वर्षांनी, १६८९ मध्ये, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेच्या वखारीत आला. तिथले वाणी डोकेदुखीवर आणि पोटदुखीवर गरम मसाला घालून उकळलेला चहा घेतात, अशी नोंद त्याने केली. ही पत्ती चीनहून जहाजांनी येई. तिचे प्रमाण थोडे होते आणि तिच्याकडे बरेचसे औषध म्हणूनच पाहिले जाई. पण मसाला घालून उकळण्याची रीत मळ्यांच्या दीडशे वर्षे आधीची आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल.

इंग्लंडात चहाचे प्रस्थ वाढले ते अठराव्या शतकात. १७८४ मध्ये तिथल्या पार्लमेंटने चहावरचे ११९ टक्क्यांचे शुल्क साडेबारा टक्क्यांवर आणले, तेव्हा चोरट्या आयातीचा कणा मोडला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कायदेशीर व्यापार फुगला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारच्या महसुलाचा सुमारे दहावा हिस्सा एकट्या चहावरून येत होता. अडचण अशी की चहा फक्त चीनकडे होता आणि चीनला विलायती मालाची फारशी गरज नव्हती. तो चांदी मागे. चांदीचा हा ओघ थांबवायला कंपनीला चीनमध्ये खपेल असा माल हवा होता आणि तो बिहार-बनारसच्या शेतांत सापडला: अफू.

इथे आपला प्रदेश या गोष्टीत येतो, आणि तो पिणारा म्हणून येत नाही. कंपनीची मक्तेदारी बंगालच्या अफूवर होती. माळव्याची अफू शिंदे आणि होळकर यांच्या मुलखात पिकत होती आणि ती पश्चिम किनाऱ्यावरून, काही काळ पोर्तुगीजांच्या दमणमार्गे, चीनकडे जात होती. १८१८ नंतर कंपनीने ती अडवण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर १८३० च्या सुमारास तिने वेगळा मार्ग धरला: मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर परवाना शुल्क घ्यायचे. या व्यापारातून मुंबईत मोठी संपत्ती उभी राहिली. सर जमशेटजी जिजीभाई हे त्यातले सर्वांत ठळक नाव. जार्डिन मॅथेसन कंपनीशी त्यांचे कापूस आणि अफूचे व्यवहार होते, आणि आज ज्याला आपण जे. जे. म्हणतो त्या रुग्णालयामागच्या दानशूरपणाला याच व्यापाराचे पाठबळ होते. दान खरे होते आणि पैशाचा उगमही खरा होता. दोन्ही वाक्ये एकत्र वाचायची सवय आपल्याला करावी लागेल. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, युद्ध पेटले, आणि १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. लंडनच्या न्याहारीच्या टेबलावरच्या चहाचा हिशेब असा माळव्याच्या रानापर्यंत आणि मुंबईच्या बंदरापर्यंत पोचतो.

चीनवर विसंबण्याचा धोका कंपनीला दिसत होताच. १८३३ च्या सनदी कायद्याने तिची चीनच्या व्यापाराची मक्तेदारी संपली. पुढच्याच वर्षी लॉर्ड बेंटिंकने हिंदुस्थानात चहा पिकवता येईल का हे पाहण्यासाठी समिती नेमली. उत्तर आसामात आधीच होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला सिंगफो लोकांच्या मुलखात चहाचे झाड दाखवले गेले होते. तिथले लोक ती पाने पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. ब्रूसला तिथवर नेण्यात मणिराम दत्त बरुआ, म्हणजे पुढचे मणिराम दिवाण, यांचा हात होता. गंमत अशी की खुद्द तज्ज्ञांना हे झाड रानटी वाटले. त्यांनी चीनहून बियाणे आणवले आणि बरीच वर्षे त्याच्यामागे घालवली. अखेर आसामच्या उष्ण खोऱ्यात टिकले आणि फोफावले ते आसामचेच झाड. चिनी रोपे दार्जिलिंगसारख्या थंड डोंगरावर रुळली.

झाड मिळाले, आता जमीन. वरचा आसाम कंपनीने १८३३ मध्ये आहोम राजा पुरंदर सिंह यांना परत दिला होता. १८३८ मध्ये कारभार नीट नसल्याचे कारण देऊन तो काढून घेतला, आणि त्याच वर्षी पडीक जमिनींचे नियम आले. सरकारदरबारी जी जमीन पडीक होती तिच्यावर फिरती शेती चालत होती, गुरे चरत होती, शिकार होत होती. नियमांत मळेवाल्याला पहिली काही वर्षे सारा माफ होता. पण लहान तुकडा मागता येत नसे, भांडवलही दाखवावे लागे. साध्या आसामी शेतकऱ्याला हे जमणारे नव्हते. १८३८ मध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या पेट्या लंडनकडे निघाल्या, जानेवारी १८३९ मध्ये त्यांचा लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. मणिराम या कंपनीत दिवाण होते. नोकरी सोडून त्यांनी स्वतःचे मळे घातले. हिंदी माणसाने व्यापारी तत्त्वावर चालवलेले ते पहिले मळे. गोऱ्या मळेवाल्याला मिळणाऱ्या सवलती मात्र त्यांना मिळाल्या नाहीत. १८५७ च्या उठावात आहोम राजघराणे पुन्हा गादीवर यावे म्हणून कट केल्याच्या आरोपावरून त्यांना फेब्रुवारी १८५८ मध्ये जोरहाटला फाशी देण्यात आले. चहाचे झाड दाखवायला मदत करणाऱ्या माणसाचा शेवट असा झाला.

जमिनीनंतर हात. आसामचा शेतकरी मळ्यावर येईना. घरची शेती असताना तुटपुंज्या मजुरीसाठी त्याने दुसऱ्याच्या मळ्यात का राबावे? सरकारने त्याला रोख पैशाची निकड भासावी अशी व्यवस्था केली. १८६० मध्ये आसामात खसखशीच्या लागवडीवर बंदी आली, पण सरकारी अफूची विक्री चालूच राहिली. शिवाय करांचा बोजा वाढण्याची धास्ती. १८६१ मध्ये नौगाव जिल्ह्यातल्या फुलागुडी इथे शेतकरी उठले आणि लेफ्टनंट सिंगर हा अधिकारी मारला गेला. उठाव मोडून काढला गेला, तरी शेतकरी मळ्याकडे वळला नाही.

मग मजूर दुरून आणले गेले: छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, तेलुगू मुलूख आणि मध्य प्रांत. मुंडा, उराँव, संथाळ, गोंड. दुष्काळ पडला की भरतीवाल्यांचे फावे. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांताच्या छत्तीसगडी भागातून मोठ्या संख्येने माणसे आसामला गेली. माणसे जमवणाऱ्या दलालाला अरकाटी म्हणत. १८६५ च्या कायद्याने मजुरी ठरवून दिली: पुरुषाला महिना पाच रुपये, बाईला चार, मुलाला तीन. त्याच कायद्याने करार मोडून पळणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला. मजुरीचा हा दर पुढची तीसेक वर्षे फारसा हलला नाही. अटकेचा अधिकार १९०८ पर्यंत टिकला.

याविरुद्ध आवाज उठला तो बंगालमध्ये. १८७५ मध्ये दक्षिणारंजन चट्टोपाध्याय यांचे ‘चा-कर दर्पण’ हे नाटक मळ्यांवरच्या जुलमावर आले. दुसऱ्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि त्यामागच्या कारणांत हे नाटकही होते. पुढे मराठी रंगभूमीला हाच कायदा किती जाचला, हे आपल्या नाट्येतिहासाच्या वाचकाला सांगायला नको. १८८० च्या दशकात द्वारकानाथ गांगुली यांनी आसामात जाऊन मजुरांची स्थिती पाहिली आणि वर्तमानपत्रांतून मांडली. १९०१ मध्ये आसामचे मुख्य आयुक्त हेन्री कॉटन यांनी मजुरी थोडी वाढवावी असे सुचवले, तेव्हा मळेवाल्यांनी एवढा गदारोळ केला की पाठीशी उभे राहिलेले लॉर्ड कर्झनही मागे सरले. मे १९२१ मध्ये चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले. चांदपूरच्या स्टेशनात रात्री गुरखा सैनिकांनी त्यांच्यावर हल्ला केला, आणि त्याच्या निषेधार्थ रेल्वे आणि आगबोटींचे कामगार संपावर गेले.

या भागाची साधने वाचताना एक गोष्ट सतत बोचते. मळेवाल्यांची पत्रे, आठवणी आणि शिकारीची वर्णने ढिगाने मिळतात. मजूर मात्र बहुधा कोष्टकात भेटतो: इतके आले, इतके आजारी, इतके मेले, इतके पळाले. त्याचे स्वतःचे बोलणे झुमूर गाण्यांत आहे आणि सादरी भाषेत आहे. सरकारी दप्तरात ते नाही. म्हणून या पुस्तकात गाण्यांना अहवालांइतकीच जागा दिली आहे.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बाजारात हिंदुस्थानी चहाने चिनी चहाला मागे टाकले. तोवर सिलोनही शर्यतीत उतरला होता. तिथल्या कॉफीवर १८६९ पासून रोग पडला आणि डोंगर चहाखाली आले. तिथे हात तमिळ होते. १९४८ मध्ये स्वतंत्र सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि या तमिळ मजुरांतले बहुसंख्य एका फटक्यात बिनदेशाचे झाले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यांची वाटणी आकड्यांत झाली. मळ्याने माणसे आणली होती, ती कोणाची, हे ठरवायला पुढे दोन देशांना वाटाघाटी कराव्या लागल्या.

राहिली तोंडे. हिंदुस्थानात पिकणारा चहा हिंदुस्थानी माणसाने प्यावा, असे मळेवाल्यांना सुरुवातीला वाटतही नव्हते. तो विलायतेचा माल होता. इथे तो साहेबाच्या बंगल्यात आणि साहेबाशी ऊठबस असलेल्यांच्या घरी दिसे. १८९० च्या पुण्यात त्याचे स्थान काय होते ते पंचहौद मिशनच्या प्रकरणात दिसते. ऑक्टोबरमध्ये मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. मग गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, उपस्थितांची नावे छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा तंटा, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. दोष पत्तीत नव्हता. तो चहा मिशनऱ्यांच्या हातचा होता, त्यांच्या पाण्याचा आणि त्यांच्या कपातला होता. चहा महाराष्ट्रात शिरला तो असा, शिवाशिवीच्या वादासकट.

हा वाद नंतर अनेक ठिकाणी अनेक रूपांत दिसतो. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी गंगाराम कांबळे यांना भर वस्तीत चहाचे हॉटेल काढून दिले. महाराज गाडी थांबवून तिथला चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावत. दुसरीकडे गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी राज्यघटनेनंतरही अनेक दशके टिकली. ती पिणाऱ्यानेच धुवून ठेवायची असे. कोणाबरोबर बसायचे आणि कोणाच्या कपाला तोंड लावायचे, हा प्रश्न चहाने रोजच्या रोज रस्त्यावर आणला. जेवणाची पंगत टाळता येत होती. चहा टाळणे त्यामानाने अवघड होते.

मळेवाल्यांनी इथल्या गिऱ्हाइकाकडे गंभीरपणे पाहिले ते विसाव्या शतकात. १९०३ मध्ये निर्यातीवर चहा-उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. आधी रोख अमेरिकेवर आणि युरोपवर होता. १९३० च्या मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आल्या, आणि साठलेला चहा खपवायला घरचीच बाजारपेठ उरली. मग मोहीम निघाली. स्टेशनांवर प्रांतोप्रांतीच्या भाषांतले फलक लागले. त्यांवर पाणी कसे उकळावे, पत्ती किती घालावी, किती वेळ झाकून ठेवावी हे चित्रांसह शिकवले जाई. घरोघर प्रात्यक्षिके झाली, फुकट कप वाटले गेले, एका पैशाच्या पुड्या निघाल्या. गिरण्यांत आणि कारखान्यांत चहाच्या सुट्टीचा आग्रह धरला गेला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी चहाच्या गाड्या फिरल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांना उपाहारगृह चालवणे भाग पडले, तेव्हा तिथे चहा आधीच पोचला होता.

विरोधही होता. आचार्य प्रफुल्लचंद्र राय चहाविरुद्ध सतत लिहीत राहिले. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात चहाची शरीराला गरज नाही असे स्पष्ट म्हटले. आणि १९४७ मध्ये चहाच्या प्रचारकांनी अन्नदा मुन्शी यांच्याकडून जे भित्तिचित्र करून घेतले त्यात चरख्यापाशी बसलेल्या बाईसोबत चहा दाखवून तो शंभर टक्के स्वदेशी ठरवला. साम्राज्याचे पीक चरख्याच्या आश्रयाला आले आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

प्रचारकांचा धडा मात्र गिऱ्हाइकाने अर्धाच घेतला. पत्ती घेतली, कृती टाकून दिली. दूध, साखर, आले, वेलची घालून सगळे एकत्र उकळले. त्यात पत्ती कमी लागते म्हणून मळेवाले कुरकुरत राहिले. पुढे तंत्रही गिऱ्हाइकाच्या बाजूला वळले. १९३० च्या सुमारास आसामातल्या मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी पाने चिरडून, फाडून, दाणे करणारे सीटीसी यंत्र बनवले. स्वातंत्र्यानंतर त्या स्वस्त, कडक दाण्यांनी देशाचे स्वयंपाकघर जिंकले. महाराष्ट्रात १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर कारखाने आले आणि दूधसंघही वाढले. गोड, दाट, उकळलेला चहा खेड्यापाड्यांत परवडू लागला तो त्यानंतर. आज देशात वर्षाला १३० ते १४० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला बहुतेक आपणच पितो. निर्यातीसाठी घातलेल्या मळ्यांचा माल आता घरीच संपतो.

म्हणजे जोखडातून पिणारा सुटला. राबणारा किती सुटला? १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर हे मालकावर बंधनकारक केले. मजुरी कमी ठेवण्यासाठी पुढे याच सोयींकडे बोट दाखवले जाऊ लागले. २०२३ मध्ये ब्रह्मपुत्रा खोऱ्यात मजुरी वाढवून ती रोजची २५० रुपये झाली. २०१५ मध्ये मुन्नारच्या पाने खुडणाऱ्या बाया मालकाबरोबरच पुरुषी नेतृत्वाच्या कामगार संघटनांनाही बाजूला सारून रस्त्यावर बसल्या, ही अलीकडच्या काळातली मोठी घटना. झारखंडात अनुसूचित जमातींत गणल्या जाणाऱ्या समाजांचे आसामातले भाऊबंद तोच दर्जा मिळावा म्हणून अनेक दशके झगडत आहेत. दरम्यान निम्म्याच्या आसपास पाने आता मोठ्या मळ्यांतून न येता छोट्या उत्पादकांच्या शेतांतून येतात. त्यांना कारखान्याचा भाव घ्यावा लागतो आणि मळे कामगार कायद्याची सावली त्यांच्या मजुरांवर कधी पडली नाही. मळ्याची जुनी रचना मोडते आहे. तिच्या जागी येणारी रचना मजुराला अधिक न्याय देईलच असे मानायला अजून आधार नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल शेवटचे. पहिला भाग जमिनीचा, दुसरा हातांचा, तिसरा तोंडांचा. मराठी वाचकाला ओळखीची ठिकाणे तिसऱ्या भागात आहेत: पुणे, मुंबई, कोल्हापूर. तिथूनच वाचायला घ्यावे असा मोह होईल. माझी विनंती आहे की क्रम मोडू नये. पंचहौदातल्या कपावरून पेटलेला वाद, वेगळ्या कपबशीची रीत आणि चरख्याशेजारचा चहा यांचे अर्थ स्वतंत्रपणेही लागतात. पण फुलागुडी आणि चांदपूर आधी वाचले की ते बदलतात. आपण चहाला कसे आपलेसे केले ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. फक्त ती गोष्ट सांगण्याची ऐपत आपल्याला कोणाच्या मजुरीतून आली, ते माहीत असूनच ती सांगितली पाहिजे.